पाहुणा आणि गिऱ्हाईक

आतिथ्याचे पैसे चुकते करावयाची वेळ आली म्हणजे आमचा हात अजूनहि खिशापाशीं अडखळतो. हा आमच्या वयाचा दोष असेल. पण गेल्या हिवाळ्यांत तारकर्लीस आमच्या या संकोचाची जी परीक्षा झाली, ती वाचकांस सांगावीशी वाटते.

विद्यार्थिदशेंत, एका दिवाळीच्या सुटींत, आम्ही एका सहाध्यायाबरोबर त्याच्या तारकर्लीच्या घरीं प्रथम गेलों. कोल्हापुराहून एस्. टी. च्या गाडीनें फोंडाघाट उतरून मालवणास पोंचेपर्यंत अंगांतील हाडें मोजून झालीं होतीं. आठ दिवस त्या घरीं राहिलों. निघतांना भीत भीत कांहीं नोटा पुढें केल्या. मित्राच्या मातोश्रींनीं—आम्ही त्यांना काकी म्हणतों—"पैसे कसले देतंस? तू काय परको?" असें म्हणून आमचा हात मागें सारला. त्या एका वाक्याच्या भांडवलावर आम्हीं पुढें कित्येक वर्षें कोकणच्या आतिथ्याविषयीं व्याख्यानें झोडलीं.

मध्यंतरीं सरकारची दृष्टि त्या किनाऱ्याकडे वळली. १९८१ मध्यें रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्यें 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षीं कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावूं लागली. आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं चिपी येथें विमानतळाचेंहि उद्घाटन झालें. तारकर्लीस पर्यटन विकास महामंडळाचें निवासस्थान उभें राहिलें, आणि समुद्राच्या पोटांत बुडी मारून प्रवाळ पाहण्याची हौसहि लोकांस लागली.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब रेल्वेनें कुडाळास उतरून तेथें गेलों, तों काकींच्या अंगणाच्या तोंडाशींच पाटी: 'निवास व न्याहारी'. जुन्या पडवीच्या तीन खोल्या झालेल्या. प्रत्येकीस स्वतंत्र न्हाणीघर. घावणे तसेच, सोलकढीहि तीच. पण निघतांना मित्राच्या धाकट्या भावानें अदबीनें एक बिल आमच्या हातीं ठेविलें! सवलत दिली होती. परंतु बिल तें बिलच. आम्हांस मनांतून लागलें. आम्ही थट्टेच्या मिषानें म्हटलें, "काकी, आतां आम्ही परके झालों तर!"

काकींचें वय आज ऐंशींच्या घरांत. त्या शांतपणें म्हणाल्या, "पैसे घेतले म्हणान धाकलो घराक रवलो. नायतर थोरल्याच्या मागोमाग तोय मुंबैक गेलो असतो."

आम्ही निरुत्तर झालों. त्या पहिल्या आठ दिवसांच्या भाताचे व माशांचे पैसे कोणीं तरी दिलेच होते. ते मुंबईस चाकरी करणाऱ्या काकांच्या मनिऑर्डरींतून आले होते. ज्या आतिथ्यास आम्ही फुकट म्हणून पूज्य मानीत होतों, त्याची किंमत एक माणूस वर्षानुवर्षें घरापासून दूर राहून भरीत होता. आमची ती व्याख्यानें आम्हांसच पोकळ वाटूं लागलीं.

सरकारी खटाटोपाची थट्टा करणें आम्हां सुशिक्षितांस फार सोपें जातें. पण 'निवास व न्याहारी' या योजनेचें मर्म त्या दिवशीं आमच्या ध्यानीं आलें. येथें सरकारास नवें घर बांधावें लागलें नाहीं. जें घर होतें, जी बाई रांधीत होती, तिच्यावर विश्वास ठेवावा लागला. धांवपट्टीवरून उतरणारा पैसा कोठें जाईल हें सांगतां येत नाहीं. काकींच्या ओटीवर दिलेला पैसा मात्र त्या घरांतच राहतो.

तथापि काकींची एक तक्रार होती. "गिऱ्हाइकां येवंदेत, पण मे म्हयन्यात पाणी खंयसून हाडू?" सुटीची गर्दी नेमकी तेव्हां लोटते, जेव्हां विहीर तळाला गेलेली असते. समुद्रकांठच्या वाळूंतील गोड्या पाण्याचा थर पातळ. पंपानें हांवरटपणें उपसा केला, तर खालचें खारें पाणी वर चढतें. मग गिऱ्हाईकहि गेलें, आणि घरच्यांची तहानहि भागली नाहीं!

परततांना मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग दिसत होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजीमहाराजांनीं त्याच्या बांधकामास आरंभ केला. चहूंकडे खारा समुद्र. पण आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. तटाएवढाच त्या किल्ल्याचा जीव या विहिरींत आहे. पर्यटकांच्या संख्येचे आंकडे मांडणाऱ्यांनीं प्रथम एवढेंच मोजावें कीं, गांवची विहीर मे महिन्यांत किती माणसांस पुरते.

तें बिल आम्हीं जपून ठेविलें आहे. पुढच्या खेपेस आम्ही न अडखळतां पैसे देऊं; आणि मे महिना सोडून जाऊं.