गळती आणि आस्रव

राहुरीच्या बाजारपेठेत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे एक जुने दुकान आहे. मुळा धरणाच्या पाण्यावर या तालुक्यात ऊस वाढला, उसामागे ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरमागे अशी दुकाने आली. दुकानाचे मालक नेमाचे श्रावक. सामायिक झाल्याखेरीज ते गल्ल्यावर बसत नाहीत.

पर्युषणापूर्वीच्या आठवड्यात एक शेतकरी त्यांच्याकडे तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आला. त्याच्या हायड्रोलिक ट्रॉलीच्या जॅकमधून तेल गळत होते. उचललेली ट्रॉली मुरूम रिकामा होण्याआधीच खाली बसू लागे. ट्रॉली कर्जावर घेतलेली; तिच्या भाड्यातूनच हप्ता जात असे. सहा महिन्यांत त्याने याच दुकानातून दोनदा सील किट नेले होते. मुलाने तिसरे किट काउंटरवर ठेवले आणि विचारले, "पप्पा, बिल करू?"

"थांब. आधी जॅक पाहू," शेठजी म्हणाले.

द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला असतो. दट्ट्याचा व्यास 10 सेंटिमीटर असेल आणि दर चौरस सेंटिमीटरवर 150 किलोचा दाब पडत असेल, तर हिशेबाने 11,775 किलोचा जोर निर्माण होतो. एवढा जोर रबराच्या एका बारीक ओठावर थोपवलेला असतो. म्हणूनच मिस्त्रीने पहिली ताकीद दिली, ती गळती बोटाने चाचपून न पाहण्याची. दाबाखालचे तेल केसाएवढ्या फटीतूनही कातडीच्या आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळतीची जागा शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

जॅक पुसून कोरडा केला, ट्रॉली एकदा उचलून पाहिली. पुठ्ठ्यावर डाग उमटला तो रॉड जिथून बाहेर येतो तिथे. मग ट्रॉली पूर्ण खाली आणून दाब उतरवला, तिचा हौदा यारीने उचलून भक्कम लाकडी टेकूंवर ठेवला आणि मगच पाइप सोडला. खाली पसरट घमेले ठेवले होते. एक थेंबही मातीत जाऊ नये, त्यात किडामुंगी मरू नये, ही शेठजींची अट होती.

जॅक उघडताच कारण समोर आले. रॉडवर उभे ओरखडे होते आणि बाहेरच्या तोंडाचे वायपर सील फुगून लिबलिबीत झाले होते. या सीलचे काम तेल अडवण्याचे नसते. रॉड आत जाताना त्याला चिकटलेली धूळ पुसून बाहेर ठेवण्याचे असते. तेलात टिकणारे रबर निराळे असते. साधे रबर खनिज तेलात फुगते. फुगलेल्या वायपरची धार गेली, धूळ आत शिरली, धुळीने रॉड ओरबाडला आणि त्या ओरखड्यांनी आतल्या सीलचा ओठ कापला. तेल बाहेर आले ते सर्वांत शेवटी. मूळ दोष आत येणाऱ्या धुळीचा होता.

त्याहून मूळ दोष दुकानाचा होता. सहा महिन्यांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याकडून शेठजींनी किटांचा एक खोका उतरत्या भावात घेतला होता. वेष्टन नामांकित मालासारखे होते. भाव ऐकूनच शंका यायला हवी होती. ती आलीही होती, पण त्यांनी चौकशी केली नाही.

अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. अस्सल म्हणून नक्कल विकणे, हा त्याचा सरळ अर्थ. खोट्या मापाइतकाच तो दोष. पुढे केवळ 'मलाही फसवले गेले' एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण कर्म आत येण्याच्या पाच द्वारांत प्रमादही आहे. छिद्र पडलेल्या नावेत पाणी भरावे तसा आस्रव. छिद्र बुजवणे म्हणजे संवर. आत साचलेले पाणी उपसणे म्हणजे निर्जरा. हा दृष्टांत प्रवचनात अनेकदा ऐकलेला होता. त्या दिवशी तो तेलकट फडक्यावर ठेवलेला दिसला.

शेठजींनी रॉड अहिल्यानगरला पाठवून घासून पुन्हा क्रोम करून घेतला, खर्च दुकानाचा. सीलचे माप व्हर्नियरने घेतले, अस्सल सील ओठ दाबाच्या बाजूला ठेवून बसवले, नवे गाळलेले तेल भरले आणि रिकामी ट्रॉली अनेकदा वरखाली करून हवा काढली. पुठ्ठा कोरडा राहिला.

राहिलेल्या किटांचे काय, हा प्रश्न मुलाने विचारला. परत पाठवली असती तर ती दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या शेतकऱ्याकडे गेली असती. शेठजींनी कात्री घेऊन एकेक सील कापले आणि ती रक्कम तोट्याच्या खात्यात टाकली.

संवत्सरीच्या दिवशी त्यांनी बिलबुक उघडले. त्या खोक्यातील किट ज्यांना विकले होते, त्यांची नावे काढली आणि एकेकाला फोन केला. काही जणांनी किट अजून बसवलेही नव्हते. प्रत्येकाला पैसे परत देऊ केले, बसवलेले सील त्वरित बदलण्यास सांगितले आणि मग 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. पलीकडच्या अनेकांना त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. पण शेठजी कशाबद्दल क्षमा मागत आहेत, हे त्यांना नेमके समजले.