दस्तुर खुद्द

घरातल्या जुन्या ट्रंकेत आमच्या पणजीने लिहून दिलेले एक कर्जखत आहे. लिपी मोडी, कागद जीर्ण. पणजीला अक्षरओळख नव्हती. म्हणून अखेरीस तिच्या नावापाशी एक वाटोळी बांगडी काढलेली आहे. शेतकऱ्याने नांगर काढावा, बाईने बांगडी, ही तेव्हाची रीत. शेजारी तिचे नाव लिहून देणाऱ्याचेही नाव आहे, ‘दस्तुर’ या शब्दासह. स्वतः सही करणारा ‘दस्तुर खुद्द’ असे लिहीत असे.

गेल्या वर्षी आईच्या भाडेकरारावर इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी करावयाची होती. आईची दृष्टी अधू. आधार क्रमांक आम्ही भरला, तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही आम्हीच टंकला. क्षणार्धात तिचे नाव, दिनांक, वेळ उमटली. आतून आईने विचारले, “झाली का रे माझी सही?”

कायद्याच्या दृष्टीने झाली होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला हातच्या सहीचा दर्जा दिला. २००८ च्या दुरुस्तीने इतर इलेक्ट्रॉनिक पद्धतींना वाट मोकळी केली आणि २०१५ पासून आधारवर आधारलेली सही आली. ही सही संहितेशी गणिताने बांधलेली असते. नंतर एक अनुस्वार जरी बदलला, तरी पडताळणीत ते उघडे पडते. पाठभेदांशी झगडणाऱ्या आम्हा साहित्यवाल्यांना हेवा वाटावा, अशी ही राखण.

पण राखण होते ती संहितेची. सही करणाऱ्याच्या मनाची नव्हे. कायद्यालाही ही शंका असावी. काही दस्त त्याने या सोयीबाहेर ठेवले. २०२२ मध्ये त्यांतून स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार वगळला गेला, मृत्युपत्र मात्र बाहेरच राहिले. तिथे १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे सही किंवा निशाणी हवी, आणि दोन साक्षीदार. म्हणजे मृत्युपत्रावर पणजीची बांगडी आजही चालेल. आईचा ओटीपी चालणार नाही.

त्या रात्री आम्ही करार आईला वाचून दाखवला. अनामत रकमेच्या कलमापाशी तिने थांबवले. “हे मला आधी का नाही सांगितलंस?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पणजीच्या कागदाने दुसऱ्याचा हात निदान कबूल केला होता. आईच्या करारावर आमचा दस्तुर कुठेच नाही.