उन्हातली तार

अकोल्यात मे महिन्यात धडधाकट माणूसही बाराच्या आत घर गाठतो. मला मल्टिपल स्क्लेरोसिस. माझे पाय दहालाच संप पुकारतात. उजव्या डोळ्यापुढं धुकं येतं, वह्या तपासताना लाल शाई विटकरी दिसते. निदानानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रोज दुपारी वाटायचं, आजार वाढला, आता चाकाची खुर्ची.

डॉक्टरांनी समजावलं होतं. नसांवरचं मायलिनचं आवरण गेलं की अंग अर्ध्या अंशानं तापलं तरी संदेश अडतो. अंग निवलं की पुन्हा सुरू. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्येच हे टिपलं होतं, फक्त दोष व्यायामाला दिला. पुढं तर संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत! हे सगळं ऐकलं होतं, पण पटलं ते शेजारच्या काकांमुळं.

काका वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. भरदुपारी लाइट गेली, कूलर थांबला की ते गोणपाटात बर्फ गुंडाळून आणत, पंचा भिजवून माझ्या मानेवर टाकत. "अवं बाई, उन्हानं तारीले झोल पडते. तुटली कुठं असते ते? सांजच्याले पाह्य."

संध्याकाळी शाई खरंच लाल दिसायची. मग त्यांनी माझ्या कूलरला एक इन्व्हर्टरच जोडून दिला.

खरा अटॅक आला तो फेब्रुवारीअखेर, हवा छान असताना. डावा पाय मांडीपासून बधिर, ताप नाही, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच. "हे झोल नोहे, पोरी. चाल," म्हणत काकांनी ऑटो बोलावला. स्टेरॉइडची बाटली संपेपर्यंत ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते.

दोन्ही गोलार्धांत असे अटॅक वसंताच्या सुमारास जास्त नोंदले गेलेत, हे मी नंतर वाचलं. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्याची सांगड मेलॅटोनिनशी घातली: रात्री मोठ्या असतात तेव्हा ते वाढतं, अटॅक कमी होतात. उन्हातल्या ड जीवनसत्त्वाचाही या आजाराशी संबंध आहे म्हणे. आणि मी अकोल्यात राहून त्याच्या गोळ्या खाते!

इन्व्हर्टरचे पैसे द्यायला गेले तर काका म्हणाले, "भंगारातला होता." बॅटरी मात्र करकरीत नवी होती, तिच्यावरचं दुकानाचं लेबल काढायचं तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.