स्वस्तातला ड्रम

महाग वस्तू एकदाच रडवते, स्वस्त वस्तू पुन्हा पुन्हा रडवते, असे इकडे उत्तरेत म्हणतात. मिक्सर, पंखा, कुकर यांच्या बाबतीत मलाही ते पटते. पण मुलासाठी वाद्य घ्यायचे असले की हा हिशेब सरळ राहत नाही. मिक्सर रोज लागणार हे ठरलेलेच असते. वाद्याचे तसे नाही. आवड टिकली तर स्वस्त वाद्य कमी पडते, नाही टिकली तर महाग वाद्य माळ्यावर जाते.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. यांना रामनगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली आणि आम्ही बनारसच्या समोर, गंगेच्या या काठावर राहायला आलो. ओंकार तेव्हा पाचवीत होता. साताऱ्यात दिवेलागणीपर्यंत गल्लीत हुंदडणारा हा मुलगा इथे शाळेतून आला की खिडकीशी बसून राहायचा. पुस्तकातली हिंदी त्याला येत होती, पण मुलांची भोजपुरी कळत नव्हती. हळूहळू तो घरातही कमी बोलू लागला.

रामनगरला पीएसीच्या छत्तिसाव्या वाहिनीचा तळ आहे. संचलनाच्या वेळी बँड वाजला की हा कान टवकारून ऐके आणि टेबलावर बोटांनी ताल धरी. सहावीत शाळेच्या बँडमध्ये त्याला साइड ड्रम मिळाला, तेव्हा किती दिवसांनी तो घरी पळत आला! पण शाळेत ड्रम दोन आणि मुले पाच. ‘‘आई, ज्याच्याकडे स्वतःचा ड्रम असेल, त्याचा सराव जास्त होतो गं,’’ एवढेच तो म्हणाला. हट्ट केला नाही. हट्ट केला असता तर नाही म्हणणे सोपे गेले असते.

चौकशी केली. चांगल्या कंपनीचा ड्रम चौदा हजारांच्या घरात होता, साधा पत्र्याचा तीन हजार आठशेला. आमच्याकडे बाजूला ठेवलेली रक्कम होती ती दिवाळीत साताऱ्याला जाण्यासाठी. तिकडे सासूबाई वाट पाहत होत्या. महाग ड्रम घेतला तर ते जाणे रद्द होणार होते. ‘‘मग स्वस्तातला घेऊन मोकळे होऊ,’’ हे म्हणाले. मला मात्र वेगळीच धास्ती होती. वाद्य वाईट वाजले की मुलाला वाटते, आपल्यालाच वाजवता येत नाही. आधीच मिटलेला मुलगा आणखी मिटला तर?

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांनी तरुणपणी बँडमध्ये ड्रम वाजवला आहे. मी त्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, ‘‘बहूजी, ड्रम स्वस्त की महाग हे नंतर बघू. तो नीट आवळता येतो का, हे आधी बघू.’’

मग त्यांनी मला ड्रम समजावून सांगितला. आपल्या ताशाला एकच पान असते. साइड ड्रमला दोन. वरचे जाड, त्यावर काठ्या पडतात. खालचे पातळ, आणि त्याला टेकून बारीक स्प्रिंगसारख्या तारांची पट्टी. वर काठी पडली की आतली हवा खालचे पान हलवते, तारा त्यावर आपटतात आणि तो कडकडीत आवाज येतो. पूर्वी पाने कातड्याची असत आणि पावसाळ्यात सैल पडत. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकची पाने आली आणि ती कटकट बरीचशी मिटली. स्वस्त ड्रमचा आवाज फुटका येतो, तो पुष्कळदा हलक्या पानामुळे आणि वेडेवाकडे आवळल्यामुळे. पान पुढे बदलता येते. वाकडी कड आणि झिजलेले आटे मात्र बदलता येत नाहीत.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी वाण्याच्या यादीसारख्या लिहून घेतल्या. पान काढून ड्रमची कड सपाट काचेवर ठेवायची, मधून उजेड दिसता कामा नये. प्रत्येक बोल्ट चावीने अडखळता फिरतो का ते पाहायचे, अडखळला तर तो ड्रम नको. बाजूची कळ खाली केली की तारा पानापासून पूर्ण सुटायला हव्यात, वर केली की सगळ्या एकसारख्या टेकायला हव्यात. कडेजवळ बोटाने हलकेच टिचकी मारावी, तेवढ्यानेही तारा बोलल्या पाहिजेत. आणि माप चौदा इंचांचेच घ्यावे, म्हणजे पुढे पान कुठेही मिळते. पॉलिशची चमक या यादीत नव्हती.

शेवटची अट त्यांनी माझ्यासाठी नाही, ओंकारसाठी घातली. आधी महिनाभर रबराच्या तुकड्यावर सराव, रोज अर्धा तास. डावा, उजवा, डावा, उजवा. कंटाळा आला नाही तर ड्रम.

रामनगरमध्ये राहून आवाजाचा विचार न करणे शक्यच नाही. पुण्यात अनंत चतुर्दशीला ढोल-ताशांच्या गजरात गणपती निघतात, त्याच दिवशी इथली रामलीला सुरू होते आणि महिनाभर चालते. लाउडस्पीकर नाही, विजेचे दिवे नाहीत. मृदंग आणि झांजांच्या साथीवर रामायणी गातात, संवादाआधी ‘चुप रहो, सावधान’ अशी हाळी पडते आणि हजारोंचा समुदाय गप्प होऊन ऐकतो. 2008 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत रामलीलेचे नाव गेले. अशा गावात भिंतीपलीकडच्या आजारी आजींच्या कानाशी ड्रम बडवायचा नसतो. जवळून वाजवलेल्या ड्रमचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, वाजवणाऱ्याच्या कानालाही तो बाधतो. म्हणून वेळ ठरवली, संध्याकाळी पाच ते साडेपाच. कानात फोमची बोंडे. एरवी ड्रमवर जुनी चादर.

महिना संपला. ओंकारने एकही दिवस चुकवला नव्हता. दुकानात हवालदारसाहेब बरोबर आले. तीन हजार आठशेचे तीन ड्रम त्यांनी काढायला लावले. पहिल्याचा एक बोल्ट अडकत होता, दुसऱ्याच्या तारा वाकल्या होत्या. तिसरा घेतला. वरचे पान मात्र तिथेच बदलून चांगले बसवून घेतले, त्याचे साडेसातशे वेगळे. घरी आल्यावर त्यांनी ओंकारला समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायला शिकवले. दिवाळीला आम्ही साताऱ्याला गेलो.

हा ड्रम काही मैफलीत वाजवण्याच्या लायकीचा नाही. जोरात वाजवला की थोडा करकरतो, तारांची पट्टी वर्षभराने बदलावी लागली. पण शिकणाऱ्या हाताला तो खोटे बोलत नाही. काठी नीट पडली तर नीट बोलतो, चुकली तर चूक दाखवतो. शिकायच्या वाद्याकडून आणखी काय हवे?

स्वस्तातले वाद्य घ्यावे का, असे आता कुणी विचारले तर मी म्हणते, घ्या. पण आधी मुलाची महिनाभर परीक्षा घ्या, मग वाद्याची घ्या, आणि दोघांची पारख असणारा एक जाणता माणूस बरोबर न्या.

आमच्याकडे हल्ली पाचला बँडमधली दोन मुले येतात, एका ड्रमवर तिघांच्या पाळ्या लागतात. स्वयंपाकघरात मला ऐकू येते ते वाजवणे अर्धा तासच. त्यानंतर तासभर चालतात ती भांडणे, तीही अस्सल भोजपुरीतून, आणि त्यात सर्वांत वरचा आवाज ओंकारचा असतो.