काठावरचा माणूस

पोहण्याची मला भारी हौस. छपराखालच्या तलावाच्या दारातच तो उग्र दर्प नाकात शिरतो आणि बरोबरची मंडळी समाधानाने म्हणतात, "क्लोरीन भरपूर दिसतंय, पाणी स्वच्छ आहे!" मला मात्र त्या दर्पात आपणा सर्वांचा वाटा जाणवतो. कारण तो निव्वळ क्लोरीनचा नसतोच. आपला घाम आणि, संकोच सोडून सांगायचे तर, आपले मूत्र यांतील युरियाशी क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायक्लोरामाइन तयार होते. ते पाण्यात टिकत नाही. वर येते आणि कोंडलेल्या हवेत साठते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो.

आपण तासाभराने केस पुसत घरी जातो. काठावरचा जीवरक्षक मात्र दिवसभर त्याच हवेत उभा! २००२ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी दोन जीवरक्षक आणि एक पोहण्याचे शिक्षक यांची हकीकत प्रसिद्ध केली. तलावावरच्या या हवेनेच तिघांना दम्याचा त्रास जडला होता. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा हवेसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ट्रायक्लोरामाइन ही तात्पुरती मर्यादा सुचविली.

हवा खेळती ठेवणे, पाण्यात ताज्या पाण्याची भर घालणे ही व्यवस्थापकांची कामे. पण उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करणे तर आपल्याच हाती आहे ना? आपण बुडू नये म्हणून जो डोळ्यांत तेल घालून उभा राहतो, त्याचाच श्वास आपण कोंडावा, हा कुठला न्याय?