एका नावाची दोन खाती

बँकेत एका नावाची दोन खाती असणे ही फार नाजूक बाब आहे. आमच्या अमरावतीत तर राजकमल चौकात उभे राहून 'अहो देशमुख' अशी हाक मारावी, निम्मी वाहतूक थांबते. म्हणून नाव सारखे दिसले की मी आधी सही ताडून पाहतो, मगच रक्कम जमा करतो. पुढे ही खोड शब्दांच्या बाबतीतही जडली. बायको म्हणते, जडायला दुसरे काही नव्हते का?

आता इंग्रजांची 'फेअरी' आणि आपली 'परी' घ्या. दोघी देखण्या, दोघींना पंख, नावेही सख्ख्या बहिणींसारखी. 'प'चा 'फ' केला की काम फत्ते! कित्येक शहाण्यांनी या दोघींचे संयुक्त खाते उघडून दिले. पण सह्या काही जुळत नाहीत.

परी आली फारसीतून. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. तोवर जमा, खर्च, रक्कम, तारीख अशी मंडळी इथे ठाण मांडून बसली होती. त्यांच्याच बिऱ्हाडात ही बाई. मूळ गाव मात्र जुना इराण. पारशांच्या अवेस्तात तिची पूर्वज 'पैरिका' भेटते, आणि ती चक्क चेटकीण आहे! पुढे इराणात तिचे रूप पालटले आणि ती सुंदरी झाली. चेटकिणीची सुंदरी होणे मोठेच. आमच्याकडे बहुधा उलटा क्रम असतो. (हे वाक्य बायकोने वाचू नये.)

फेअरीची गोष्ट निराळी. जुन्या फ्रेंचमध्ये 'फे' म्हणजे जादूची बाई आणि 'फेअरी' म्हणजे तिचा मुलूख किंवा तिची करणी. शेपूट तेच, बेकरीचे. पाव भाजतात ती बेकरी, तशी 'फे' राहतात ती फेअरी. पुढे इंग्रजांनी जागेचे नाव जागेतल्या बाईलाच चिकटवले. पाववाल्याला 'ओ बेकरी' म्हणून हाक मारावी, त्यातलाच प्रकार.

बरे, ही 'फे' कुठली? लॅटिनमध्ये 'फातुम' म्हणजे 'जे बोलले गेले ते', अर्थात नशीब. वरून एकदा म्हटले गेले की झाले. त्यावर अपील नाही. त्या बोलण्याचा धातू, संस्कृतातला 'भण्' आणि त्यापासून आलेले आपले 'म्हणणे' ही सारी एकाच घराण्यातली, असे भाषापंडित सांगतात. म्हणजे पानठेल्यावर आपण दर वाक्याला 'मी काय म्हनतो' म्हणतो, तेव्हा नकळत फेअरीच्या भाऊबंदांनाच हाक घालत असतो!

तेव्हा फेअरीचे मूळ खाते पंखांचे नाही, नशिबाचे. फ्रान्सच्या पेरोने १६९७ साली छापलेल्या निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीत पाहा. बारशाला फेअऱ्या येतात, कोणी रूप देते, कोणी गळा देते, आणि बोलावणे न गेलेली एक म्हातारी मरणाचा शाप देते. नुकते जन्मलेले मूल, आणि त्याचे पुढचे सारे ठरवायला आलेली बाई. वऱ्हाडी माणसाला आता ओळख पटलीच असेल. ही तर आपली सटवाई!

सटवाईबद्दल मला कारकून म्हणून फार आदर आहे. रात्रपाळीला एकटी येते, कपाळावर एकदाच लिहिते. खाडाखोड नाही, वर साहेबाची सही नाही, आणि लिहिलेले कुणाला वाचता येत नाही. यापुढे आमचे ऑडिटर काय करणार? म्हणून तर जन्माच्या कटकटीला आपण 'पाचवीला पुजलेली' म्हणतो.

अकोल्याला, मोर्णेपलीकडे जुन्या शहरात माझी मावशी राहते. नात झाली तेव्हा पाचवीच्या पूजेत तिने पाटा-वरवंट्याशेजारी कोरा कागद ठेवला नाही; दोनशेपानी वही ठेवली. पेन मला चालवून पाहायला लावले. मी म्हटले, "मावशे, एवढी वही कायले?"

"माह्या वक्ती घरात कागद नव्हता बाप्पा," मावशी म्हणाली. "माय सांगे, नुसता दिवाच ठेवला होता. मंग शाळा कुठून लिहिन ते? इले तरी कमी नाही पडाले पायजे."

मला बोलायला काही सुचले नाही. पेन पुन्हा एकदा चालवून पाहिले.

सकाळी वही कोरीच होती. मावशीने ती फडक्यात बांधून पेटीत टाकली आणि पोरगी बालवाडीत जाऊ लागली तशी बाहेर काढली. गेल्या दिवाळीत गेलो तर पोरीने पहिल्याच पानावर पंखवाली परी काढली होती. "आजी, हे फेअरी हाये," ती म्हणाली.

मावशीने चष्मा लावून चित्र निरखले. "कोन व माय हे?"

मी सांगितले, "तुझी सटवाई."

"बाई बाई," मावशी हळहळली, "किती वाळली!"