आत्याचा सडा

कानामागच्या हाडापासून आत, मेंदूच्या खालच्या घडीत हिप्पोकॅम्पस असतो. डावीकडे एक, उजवीकडे एक; लांबी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. आकारावरून त्याला समुद्रघोड्याचं नाव दिलं बोलोन्याच्या अरान्झी या शरीरशास्त्रज्ञाने, १५८७ साली. आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पेशींच्या दोन कमानी एकमेकींत अडकलेल्या दिसतात. शेजारच्या पट्टीतून खबर आत शिरते, या कमानींतून टप्प्याटप्प्याने फिरते आणि मेंदूच्या बाह्यस्तराकडे परतते.

१९७१ मध्ये लंडनला जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या याच भागात काही विलक्षण पेशी सापडल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की एक पेशी चेतते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. जागा ओळखणाऱ्या पेशी! ओकीफना त्याबद्दल २०१४ चं नोबेल मिळालं.

या पेशींबद्दल वाचताना माझ्या मनात गोव्यातल्या पेडण्याची माझी आत्या असते. माहेर डिचोलीतलं शिरगाव, सासर वारखंड. तिला अल्झायमर आहे. हा आजार सहसा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या पट्टीपासूनच सुरू होतो. मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यावर आलो, की ती घाबरते, हे कुठलं गाव म्हणून पुन्हा पुन्हा विचारते. पण विमानतळाखाली गेलेला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, तिला पाठ आहे. काजू गोळा करायला कुठल्या वाटेने चढायचं, पावसात कुठल्या खडपावर पाणी साचतं, तहानलेली गुरं कुठे वळतात, सगळं ती न अडखळता सांगते. शिरगावभोवतीचे डोंगर खनिजासाठी कापले गेले. खाणी २०१२ मध्ये काही काळ थांबल्या, तरी डोंगर काही परत आले नाहीत. आत्याच्या बोलण्यात मात्र ते अजून पुरत्या उंचीचे आहेत.

हे कसं, याचं उत्तर मला ई. पी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन रुग्णात दिसलं. मेंदूज्वराने त्याचे दोन्ही हिप्पोकॅम्पस गेले होते. आजारानंतर राहायला गेलेली वस्ती त्याला कधीच कळली नाही. पण पन्नासएक वर्षांपूर्वी सोडलेल्या गावातले रस्ते तो बिनचूक सांगे. एखादा रस्ता बंद आहे म्हटलं, तर पर्यायी वाटही काढून दाखवी. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. नवा नकाशा रेखायला हिप्पोकॅम्पस लागतोच. पण वर्षानुवर्षं तुडवलेली वाट बाह्यस्तरात मुरते आणि त्याच्यावाचूनही टिकते.

म्हणजे मोपाचा सडा आज जिथे शाबूत आहे ती जागा वारखंड, चांदेल, उगव्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत आहे. विमानतळाच्या नफातोट्यात तोडलेली झाडं मोजली गेली. ही माहिती कुणी मोजली का? मला ती झाडांइतकीच मोलाची वाटते. गुराखी, काजूवाल्या बाया यांनी पायांनी मिळवलेलं हे भूगोलाचं ज्ञान आहे, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

आजार पुढे बाह्यस्तरातही पसरतो. म्हणून सध्या सकाळच्या वेळी, आत्या ताजी असताना, भाची आणि मी तिच्याजवळ मोठा कागद पसरून बसतो. ती बोलते, भाची रेघा ओढते. वारखंडाकडची चढण झाली, खडप झालं. कासारवर्ण्याकडची उतरण अजून व्हायची आहे.